रुळांखालची वाट

(आकाशवाणीवरून झालेल्या भाषणाचे संपादित रूप)

डोंगराळ मुलखात सायकलवाल्याला वाट विचारा. तो मैल सांगणार नाही, चढ सांगेल. गाव चार मैलांवर आहे, पण मधे खिंड आहे, तिथे उतरून ढकलत न्यावी लागेल, असे तो म्हणेल. सपाटीवरच्या माणसाला चार मैल म्हणजे चार मैल. घाटाखालच्या माणसाला तसे नसते. आज मला बोलायचे आहे ते अशा काही वाटांबद्दल, ज्या ऐन डोंगरातून जातात आणि तरीही दहा वर्षांचे पोर त्यांच्यावर न उतरता सायकल मारू शकते. त्यांच्यावर मोटार नाही, ट्रक नाही, मागून कर्णकर्कश हॉर्न नाही. या वाटा इंग्लंडच्या मध्यभागी, डर्बीशर परगण्यात आहेत. आणि मौज अशी, की सायकलसाठी त्या कुणी बांधल्याच नव्हत्या.

मँचेस्टर आणि शेफील्ड या दोन कारखान्यांच्या शहरांमधे डोंगरांचा जो पट्टा आहे, त्याला पीक डिस्ट्रिक्ट म्हणतात. हे पीक म्हणजे शेतातले पीक नव्हे. शेती तिथे थोडी, मेंढ्याच जास्त. उंचीही फार नाही. सर्वांत उंच माथा किंडर स्काउट, तो ६३६ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या निम्म्याहूनही कमी. पण दऱ्या अरुंद, कडे चुनखडीचे आणि गावरस्ते असे उभे की मोटारसुद्धा पहिल्या गिअरमधे कण्हते. माझा भाचा डर्बीला नोकरी करतो. त्याच्याकडे गेलो असताना त्याने मला पार्सली हे नावाच्या एका ठिकाणी नेले, दोन सायकली भाड्याने घेतल्या आणि म्हणाला, "मामू, चला, दमणार नाही." पन्नाशी उलटलेल्या माणसाला असे आश्वासन कुणी दिले की शंका येते. पण खरोखरच दमलो नाही. का दमलो नाही, याचा शोध घेता घेता जे हाती लागले ते सांगतो.

सुरुवात कापसापासून करावी लागते. या डोंगरांच्या दक्षिण टोकाला क्रॉमफर्ड नावाचे खेडे आहे. १७७१ मध्ये रिचर्ड आर्कराइटने तिथे पाण्याच्या जोरावर चालणारी सूतगिरणी उभारली. जगातल्या कारखानदारीचा इतिहास लिहिणारे बहुतेक जण एक पान या खेड्याला देतात. गिरण्या आल्या, पाठोपाठ कालवे आले. पण क्रॉमफर्डचा कालवा डोंगराच्या एका बाजूला आणि मँचेस्टरकडे जाणारा पीक फॉरेस्ट कालवा दुसऱ्या बाजूला. मधल्या डोंगरावर कालवा न्यावा तर वर पाणी कुठून आणणार? चुनखडीचा डोंगर पाणी धरत नाही. तेव्हा असे ठरले, की कालव्याऐवजी लोखंडी रुळांचा मार्ग टाकून हे दोन कालवे जोडावेत. १८२५ मध्ये पार्लमेंटने कायदा केला आणि १८३१ पर्यंत क्रॉमफर्ड अँड हाय पीक रेल्वे सुरू झाली. लांबी ५३ किलोमीटर.

ती बांधणारा जोसायस जेसप हा कालव्यांच्या घराण्यातला इंजिनियर. बापाने, विल्यम जेसपने, उभे आयुष्य कालवे खोदले. मुलाने रेल्वे बांधली तीही कालव्याच्या हिशोबाने. कालव्यात पाणी सपाट राहते आणि चढ आला की दारे लावून होडी एकदम वर उचलतात. तसेच इथे. मैलच्या मैल सपाट रूळ, आणि मधेच एक उभा उतरण-रस्ता, ज्यावर माथ्यावरचे वाफेचे यंत्र दोराने वाघिणी ओढून घेई. सपाट भागात सुरुवातीला घोडे होते. संपूर्ण प्रवासाला दोन दिवस लागत. त्यातली मिडलटनची चढण आठ फुटांमागे एक फूट इतकी उभी. तिच्या माथ्यावरचे १८२९ चे यंत्र आजही जागेवर आहे. मला सर्वांत गंमत वाटली ती नावांची. या मार्गावरच्या थांब्यांना ते लोक स्टेशन म्हणत नसत, धक्का म्हणत. पार्सली हेचा धक्का, फ्रायडेनचा धक्का. समुद्रसपाटीपासून हजार फूट वर, जिथे ओंजळभर पाणी नाही, तिथे धक्के! कालव्यावरच्या माणसांनी आपली भाषा डोंगरावर नेली, ती तशीच रुळली.

त्या उभ्या चढणींवर अपघातही भयंकर होत. १८८८ च्या मार्च महिन्यात शीप पाश्चर नावाच्या चढणीवर दोन वाघिणी सुटल्या, खाली येता येता त्यांनी असा वेग घेतला की पायथ्याचा कालवा आणि त्यापलीकडची रेल्वे अशा दोहोंवरून उडून त्या पलीकडच्या शेतात पडल्या. त्यानंतर तिथे सुटलेल्या वाघिणी अडवण्यासाठी एक खड्डा खणला गेला. बोरघाटाच्या कॅच सायडिंग ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना ही युक्ती वेगळी सांगायला नको. त्या खड्ड्यात एका वाघिणीचे गंजलेले अवशेष आजही दिसतात.

आता चढाविषयी थोडे. लोखंडी चाक लोखंडी रुळावर फार कमी घर्षणाने धावते. हा रेल्वेचा गुण आणि हाच दोष. सपाटीवर एक इंजिन शेकडो टन ओढते, पण चढ आला की चाक जागच्या जागी फिरू लागते. म्हणून रेल्वे बांधणारा इंजिनियर डोंगरापुढे वाकतो. वळसा घेतो, भराव घालतो, कडा फोडतो, बोगदा खणतो, पण पन्नास-साठ फुटांमागे एक फूट यापेक्षा जास्त चढ शक्यतो देत नाही. माथेरानच्या छोट्या गाडीचा चढ वीस फुटांमागे एक फूट आहे, आणि तो फारच झाला.

साध्या माणसाच्या पायांत सतत चालवायला जेमतेम पाऊणशे ते शंभर वॅट ताकद असते. म्हणजे एका जुन्या पिवळ्या बल्बाएवढी. माणूस आणि सायकल मिळून नव्वद किलो धरा. ताशी दहा किलोमीटरने साठाला एक असा चढ चढायला गुरुत्वाकर्षणाविरुद्ध साधारण चाळीस वॅट लागतात. तोच चढ आठाला एक असेल तर तीनशे लागतात. चाळीस वॅट माझ्याकडे आहेत. तीनशे 'घाटाचा राजा'कडे असतात. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्याला हा किताब देतात, ते तुम्हाला ठाऊक असेलच. तर भाच्याचे आश्वासन खरे ठरले याचे श्रेय माझ्या पायांना नाही. एका जड, धापा टाकणाऱ्या इंजिनाच्या अशक्तपणाला ते द्यावे लागेल. मिडलटनच्या त्या आठाला एक उतरणीवर मात्र पाटी आहे, आणि भाच्याने "मामू, उतरा" म्हणण्याआधीच मी उतरलो होतो.

पुढे १८६३ मध्ये याच डोंगरांतून मिडलंड रेल्वेचा मोठा मार्ग गेला. वाय नदीच्या दरीतून, बेकवेलवरून, बक्स्टन आणि मँचेस्टरकडे. बोगद्यांमागून बोगदे, आणि मॉन्सलच्या दरीवर पाच कमानींचा हेडस्टोन पूल. १८६३ हे साल आपल्यालाही जवळचे. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये बोरघाटाचा रेल्वेमार्ग पुरा झाला. मी खोपोलीचा. रेल्वेच्या जुन्या कागदांत आमच्या गावाचे नाव 'कॅम्पूली' असे आहे. १८५६ मध्ये गाडी खोपोलीपर्यंत आली, १८५८ मध्ये वर खंडाळा ते पुणे सुरू झाली, आणि मधला घाट माणसे पालखीतून नाही तर तट्टावरून चढत. पाच वर्षे असे चालले. मग २५ बोगदे खणून, ३७ फुटांमागे एक फूट असा चढ देऊन तो मार्ग जोडला गेला. डर्बीशरची दरी आणि आमचा घाट यांना जोडणारी माणसेही होती. आमच्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा सल्लागार रॉबर्ट स्टीफन्सन. त्याचे वडील जॉर्ज स्टीफन्सन, ज्यांना रेल्वेचा जनक म्हणतात, ते अखेरची वर्षे डर्बीशरमध्ये चेस्टरफील्डला राहिले आणि १८४८ मध्ये तिथेच वारले. आणि घाट फोडायची घाई कशासाठी होती? दख्खन-वऱ्हाडचा कापूस मुंबई बंदरात लवकर पोचावा म्हणून. त्या कापसाची वाट मँचेस्टर पाहत होते. एकाच धंद्याची ही दोन टोके.

दोन्ही टोकांना माणसे मेली. पीक डिस्ट्रिक्टच्या उत्तर कडेला वुडहेडचा बोगदा आहे. १८३९ ते १८४५ या काळात तो खणताना ३२ मजूर मेले, १४० गंभीर जखमी झाले. एडविन चॅडविक या सुधारकाने हिशोब मांडून दाखवला, की या मजुरांमधले मेल्या-जखमींचे प्रमाण वॉटर्लूच्या लढाईतल्या सैनिकांपेक्षाही अधिक भरते. शेजारी दुसरा बोगदा खणताना १८४९ मध्ये पटकी आली आणि आणखी २८ गेले. हे आकडे तिथल्या पुस्तकांत आहेत, चॅडविकसारखा मोजणारा तिथे होता म्हणून आहेत. आमच्या घाटात १८६१ च्या सुरुवातीला बेचाळीस हजार माणसे कामावर होती. आठ वर्षांत त्यांतली किती गेली? एका इतिहासकाराचा अंदाज पंचवीस हजारांच्या घरात जातो. अंदाज. पटकी, ताप, दरड, सुरुंग. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल मुंबईला उतरला आणि काही आठवड्यांतच तोही वारला. त्याचे कंत्राट त्याच्या बायकोने, अ‍ॅलिस ट्रेडवेलने, पुढे पुरे करून घेतले. तिचे नाव उरले आहे. बाकीच्यांची नावे कुणी टिपलीच नाहीत.

मॉन्सलच्या पुलावर तिकडे एक माणूस फार संतापला होता. जॉन रस्किन. पूल झाल्यावर काही वर्षांनी त्याने लिहिले, त्याचा आशय असा, की बक्स्टनचे रिकामटेकडे लोक अर्ध्या तासात बेकवेलला पोचावेत आणि तिथले इकडे यावेत, एवढ्यासाठी देवांनी राहावे अशी दरी तुम्ही उडवून दिलीत. याच रस्किनचे 'अन्टू धिस लास्ट' १९०४ मध्ये मोहनदास गांधी नावाच्या वकिलाने वाचले आणि त्याचे आयुष्य बदलले. १९०८ मध्ये त्याचे सार त्यांनी गुजरातीत 'सर्वोदय' या नावाने दिले आणि १९०९ च्या 'हिंद स्वराज'मध्ये रेल्वेवर कडक टीका केली. पण रस्किनचे ते पुस्तक त्यांनी वाचले कुठे, तर जोहान्सबर्गहून डर्बनला जाताना, रात्रीच्या आगगाडीत! रस्किनचा राग मला समजतो. तरी तो पूल पाहिल्यावर मी रस्किनच्या बाजूने राहू शकलो नाही, हेही सांगितले पाहिजे. दीडशे वर्षांत दगड काळवंडले, गवत चढले आणि दरीने तो पूल आपला मानला. पुढे तो पाडायची गोष्ट निघाली, तेव्हा लोकांनीच विरोध केला आणि १९७० मध्ये त्याला कायद्याचे संरक्षण मिळाले.

आता सायकलकडे येऊ. १८८८ हे वर्ष लक्षात ठेवा. त्या वर्षी ब्रिटनमधल्या एका कायद्याने सायकल हे 'वाहन' ठरले, म्हणजे रस्त्यावर चालण्याचा तिचा हक्क मान्य झाला. पुढच्याला ओलांडताना घंटी वाजवली पाहिजे, एवढी अट होती. त्याच वर्षी बेलफास्टमध्ये जॉन डनलॉपने हवा भरलेल्या टायरचे पेटंट घेतले. त्या टायरचे आमच्या घरावर उपकार आहेत. खोपोलीत आमच्या अब्बांचे सायकलचे दुकान होते. भाड्याने सायकली, पंक्चर, ओव्हरऑइलिंग. पाण्याच्या घमेल्यात ट्यूब बुडवून बुडबुडा शोधायचा, जागा घासायची, सोल्यूशन लावून फुंकर मारायची. मी बी.ए. झालो तो त्या बुडबुड्यांवर. आमच्या दुकानात येणारे लोक सायकल हौसेने चालवत नव्हते. पेपर मिलचे कामगार, दूधवाले, पोस्टमन. सायकल म्हणजे त्यांची भाकरी होती. म्हणून सायकलच्या इतिहासात गरिबाचा इतिहास कुठे येतो, तिकडे माझे लक्ष आधी जाते.

आणि तो येतो. १८९४ मध्ये बर्मिंगहॅममध्ये समाजवादी विचारांच्या तरुण कामगारांनी क्लॅरियन सायकलिंग क्लब काढला. आठवडाभर गिरणीत राबायचे, रविवारी सायकलवरून खेड्यांत जायचे, हवा खायची आणि जाता जाता समाजवादाची पत्रकेही वाटायची. त्यांचा ईस्टरचा पहिला मेळावा १८९५ मध्ये भरला तो अ‍ॅशबोर्नला, याच डर्बीशरमध्ये. तेव्हा डोंगरातले रस्ते धुळीचे होते, पण रिकामे होते. वीस-तीस वर्षांत मोटारी आल्या आणि ज्या सायकलवाल्यांनी चांगल्या रस्त्यांची मागणी सर्वांत आधी केली होती, तेच कडेला ढकलले गेले.

रस्ता गेला तर डोंगर तरी मोकळा होता का? नव्हता. किंडर स्काउटचे पठार जमीनदारांनी ग्राऊस पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखून ठेवले होते. वर्षातले थोडे दिवस शिकार, बाकी दिवस राखणदार. मँचेस्टरच्या कामगाराला आपल्या खिडकीतून दिसणाऱ्या डोंगरावर पाय ठेवायला बंदी. २४ एप्रिल १९३२ रोजी काहीशे तरुण ठरवून त्या डोंगरावर चढले. त्यांचा पुढारी बेनी रॉथमन, वय वीस, गरीब ज्यू घरातला मेकॅनिक. पोलीस त्याला रेल्वे स्टेशनवर गाठायला टपले होते. हा पठ्ठ्या सायकलवरून हेफील्डला पोचला. राखणदारांशी झटापट झाली, सहा जणांना पकडले, पाच जणांना तुरुंगवास झाला. रॉथमनला चार महिने. त्याने कोर्टात आपली बाजू आपणच मांडली. शिक्षा देणारे विसरले गेले. २००२ मध्ये, त्या घटनेला सत्तर वर्षे झाली तेव्हा, त्या जमीनदार घराण्याच्या ड्यूकने जाहीरपणे खेद व्यक्त केला. रॉथमन त्याच वर्षाच्या सुरुवातीला वारला होता.

या सगळ्याचा सायकलवाटांशी काय संबंध, असे कुणी म्हणेल. तो सरळ आहे. या आणि अशा चळवळींच्या रेट्यातून १९४९ मध्ये राष्ट्रीय उद्यानांचा कायदा झाला. १९५१ मध्ये पीक डिस्ट्रिक्ट हे ब्रिटनचे पहिले राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले आणि त्यासाठी एक नियोजन मंडळ नेमले गेले. म्हणजे या डोंगराचा समग्र विचार करणारे, त्यासाठी पैसे खर्च करण्याचा अधिकार असलेले कुणीतरी सरकारदरबारी बसले. पुढे जे घडले ते त्या मंडळाविना घडलेच नसते, असे माझे मत आहे.

१९६३ मध्ये, म्हणजे मॉन्सलच्या मार्गाला शंभर वर्षे पुरी होताना, डॉक्टर रिचर्ड बीचिंग यांचा अहवाल आला. हे गृहस्थ शास्त्रज्ञ, एका मोठ्या रसायन कंपनीतून रेल्वेच्या खुर्चीवर आणून बसवलेले. त्यांनी सुमारे पाच हजार मैल मार्ग आणि २३६३ स्टेशने बंद करावीत असे सुचवले. त्यांना नेमणारे वाहतूकमंत्री अर्नेस्ट मार्पल्स यांनी स्वतःच पूर्वी रस्ते बांधणारी कंपनी काढलेली होती, ही गोष्ट तिकडचे लोक अजून विसरलेले नाहीत. डर्बीशरमध्ये अ‍ॅशबोर्नच्या मार्गावरची रोजची प्रवासी गाडी तर १९५४ लाच थांबली होती. १९६७ पर्यंत हाय पीकचा जुना मार्ग बंद पडला आणि १९६८ मध्ये मॉन्सलचा.

बंद पडलेल्या रेल्वेमार्गाचे काय होते? रूळ भंगारात जातात, ती लोखंडाची किंमत. उरतो तो पट्टा. पंधरा-वीस मीटर रुंद आणि मैलोगणती लांब. हा पट्टा विकायला काढला की शेजारचा शेतकरी आपल्या बांधालगतचा तुकडा घेतो, कुणी स्टेशनात घर करतो, कुणी भराव फोडून दगड नेतो, कुठे पूल काढून रस्ता रुंद करतात. प्रत्येकाची गरज खरी असते, कुणी लबाडी करत नाही. पण दहा वर्षांत पट्टा राहत नाही, तुकडे राहतात. आणि मधला एक पूल गेला की दोन्ही बाजूंचे दहा-दहा मैल निकामी होतात. एखाद्या ओळीतला शब्द गाळला तर उरलेल्या शब्दांतून अर्थ काढता येतो. पुलाच्या बाबतीत तेवढीही सवलत नाही. ब्रिटनमध्ये बीचिंगनंतरचे बरेच मार्ग असेच विरघळून गेले.

डर्बीशरमध्ये मात्र १९६८ मध्ये त्या नियोजन मंडळाने अ‍ॅशबोर्नचा मार्ग सलग विकत घेतला. रूळ काढलेल्या जागी माती-खडी दाबली, गवत पेरले आणि १९७१ मध्ये टिसिंग्टन ट्रेल या नावाने २१ किलोमीटरची वाट पायी, घोड्यावर आणि सायकलवर जाणाऱ्यांसाठी खुली केली. १९७१ मध्येच परगण्याची कौन्सिल आणि हे मंडळ यांनी मिळून हाय पीकचा मार्गही घेतला. त्याची २८ किलोमीटरची वाट झाली. दोन्ही वाटा पार्सली हेला मिळतात. त्या काळी हे फार कुणाला महत्त्वाचे वाटले असेल असे नाही. मोटारींचा जमाना होता, सायकल हे मुलांचे आणि फाटक्या खिशाचे वाहन. १९६८ च्याच एका कायद्याने घोडेवाटांवर सायकल न्यायचा हक्क दिला, पायी आणि घोड्यावरच्यांना आधी वाट द्यायची या अटीवर. तोही असाच, फारसा गाजावाजा न होता आला.

उशीर झाला की काय होते, तेही त्याच डोंगरात पाहायला मिळते. मॉन्सलची वाट १९८१ मध्ये खुली झाली, पण बोगदे धोक्याचे म्हणून बंद. चालणाऱ्याने प्रत्येक बोगद्यापाशी वाट सोडून डोंगरावर चढायचे, पलीकडे उतरायचे. सायकलवाल्याला तर ती वाट असून नसल्यासारखी. असे तीस वर्षे चालले. २०११ च्या मे महिन्यात चार बोगदे दुरुस्त करून, दिवे लावून उघडले, आणि एकदम चौदा किलोमीटर अखंड वाट झाली. प्रत्येक बोगदा साधारण चारशे मीटर लांब. आत शिरलो तेव्हा भर उन्हाळ्यात अंगावर शहारा आला. भिंतींवर अजून धुराची काजळी आहे. वुडहेडच्या त्या जीवघेण्या मार्गावरूनही आता लाँगडेंडेल ट्रेल जाते, १९९२ पासून. तिथले रूळ १९८१ मध्ये थांबले. ती वाट बोगद्याच्या तोंडापाशी येऊन संपते.

हा विचार फक्त इंग्लंडला सुचला असे नाही. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्याने १९६५ मध्ये एल्रॉय ते स्पार्टा हा टेकड्यांतला बंद मार्ग विकत घेतला आणि दोन वर्षांनी ३२ मैलांची वाट केली. त्यात तीन बोगदे आहेत. पुढे १९८३ मध्ये अमेरिकेने एक शहाणपणाचा कायदा केला. बंद पडणारा रेल्वेमार्ग तुकडे न करता 'राखून' ठेवायचा, तोवर त्यावर वाट करायची, आणि उद्या रेल्वेला गरज पडली तर परत द्यायचा. जमीनमालक चिडले. मूळ मालकी आमची, रेल्वे गेली तर जमीन आम्हाला परत द्या, म्हणून व्हरमाँटचा एक खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. १९९० मध्ये कोर्टाने कायदा उचलून धरला, पण ज्याची जमीन गेली असे सिद्ध होईल तो भरपाई मागू शकेल, असेही म्हटले. मला हा निकाल न्याय्य वाटतो. वाट सार्वजनिक असावी, पण तिची किंमत एकट्या शेतकऱ्याच्या गळ्यात पडू नये.

आता थोडे कडू. या वाटा सुंदर आहेत, पण ज्या खेड्यांची गाडी गेली, त्यांना वाट ही काही गाडीच्या बदल्यात मिळालेली भरपाई नव्हे. म्हातारीला दवाखान्यात जायला सायकलवाट उपयोगाची नाही. जुन्या स्टेशनांच्या जागी आज मोटारी लावायचे तळ आहेत, आणि बरेचसे लोक मोटारीच्या पाठीवर सायकली बांधून, मोटारींनी भरलेल्या रस्त्याने, मोटार नसलेल्या वाटेवर येतात. मी आणि भाचाही मोटारीनेच गेलो होतो. शिवाय हाय पीकची वाट उत्तरेला डाउलो नावाच्या ठिकाणी एकदम संपते. का? कारण त्यापुढच्या खाणींचा दगड आजही रेल्वेने जातो. जिथे पैसा उरला आहे तिथे रूळही उरले आहेत.

इकडे बोरघाटातली १८६३ ची ती जुनी आखणी, जिथे गाडीला इंजिन मागे-पुढे करून दिशा बदलावी लागे, ती १९२९ मध्ये नव्या मार्गामुळे सोडून दिली गेली. तिचा पट्टा सलग राखावा असे कुणी म्हटल्याचे माझ्या वाचनात नाही. घाटातला अमृतांजन पूल २०२० च्या एप्रिलमध्ये, सगळे घरात बसलेले असताना, वाहतुकीला अडथळा म्हणून पाडला. अडथळा होता हे खरेच आहे. २००२ मध्ये पुरा झालेल्या द्रुतगती मार्गावर सायकलला प्रवेश नाही, आणि तो नसावाच. पण मग घाटात सायकलने जायचे कुठून, हा प्रश्न आखणीच्या वेळी कुणाच्या टेबलावर होता का? जुन्या हमरस्त्यावर ट्रकच्या चाकाला चाक लावून जायचे, एवढेच उत्तर आहे. अब्बांच्या गिऱ्हाइकांपैकी घाट चढून वर जाणारे हळूहळू कमी झाले, मग संपले. दुकानात मोपेडची पंक्चर येऊ लागली.

मुंबई-गोवा महामार्गावर पोलादपूर आणि खेडच्या मधे कशेडी घाट आहे. २०२३ पासून तिथल्या नव्या बोगद्यांतून गाड्या जाऊ लागल्या आणि वरचा वळणावळणांचा रस्ता पुष्कळसा रिकामा पडला. त्याची चढण रेल्वेइतकी सोपी नाही, पण झाडी आहे, सावली आहे, बाजूला गावे आहेत आणि त्या गावांतली मुले शाळेत जातात. अजून त्या रस्त्याचे तुकडे झालेले नाहीत. बोगद्यात दुरुस्ती निघाली की गाड्या त्याच रस्त्याने वळवल्या गेल्या आहेत.